सोमवारची खूण

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता अधीक्षकांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, फक्त सही हवी आहे. दोनच ओळी आहेत. पोलीस संध्याकाळी पाच वाजता न्यायला येतील."

एकतीस वर्षं मी या इस्पितळाची रक्त तपासणी प्रयोगशाळा सांभाळते आहे. माझ्यामागे मला 'तिखट मॅडम' म्हणतात, हे मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. ज्या कागदावर दोनच ओळी असतात, तो मी तीनदा वाचते.

'मुलीच्या रक्ताचा अहवाल उंदीर मारण्याच्या औषधाने होणाऱ्या विषबाधेशी जुळतो. अन्य कारण आढळत नाही.'

मुलगी म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातली पाच नंबरच्या खाटेवरची ठकी. वय आठ. वॉर्डातल्या बायकांनीच तिला ते नाव ठेवलं होतं. महिन्यापूर्वी तिचं अपेंडिक्स फुटलं, पोटभर पू झाला. पोट उघडून धुतलं, जखम उघडी ठेवली. तेव्हापासून तिच्या तोंडात अन्नाचा कण नाही, सगळं नळीतून, आणि जोडीला जहाल अँटिबायोटिक्स. पोरगी चिवट निघाली. ताप उतरला. सगळे निर्धास्त झाले, आणि गेल्या बुधवारी दुपारी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. मग सुया टोचलेल्या प्रत्येक जागेतून, जखमेतून, आणि शेवटी डोक्यात. जीव वाचला. उजवा हात मात्र लुळा पडला.

शुक्रवारी तिच्या सावत्र आईच्या पिशवीत उंदराच्या औषधाचं फोडलेलं पाकीट सापडलं.

"मुलीचा बाप काल आला," अधीक्षक म्हणाले. "लांब पल्ल्याची गाडी चालवतो. तो म्हणतोय, तुमच्या सहीचा कागद निघाला की मुलीला बहिणीच्या घरी नेणार. बायकोला पुन्हा दारात उभी करणार नाही. पोलीस तर तिला आजच आत टाकतील."

थोडक्यात, एका बाईचं घर, मुलगी आणि मोकळं आयुष्य माझ्या पेनाच्या टोकावर आणून ठेवलं होतं. वर चहा मागवला होता.

आता रक्ताचं गणित सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. रक्त गोठायला दहा-बारा प्रथिनं लागतात. त्यातल्या चारांना के जीवनसत्त्व मिळालं नाही, तर ती तयार होतात पण कामाची नसतात, धार नसलेल्या सुरीसारखी. अत्यवस्थ मुलांचं रक्त बिघडण्याची नेहमीची कारणं दोन. जंतूंचं विष अंगभर पसरतं आणि गोठवण्याचं सगळं सामान एकदम संपून जातं, किंवा यकृत बसतं. बुधवारी सगळ्यांनी हेच धरलं. मी मात्र औषधं देण्याआधीचं तिचं बुधवारचं रक्त राखून ठेवलं होतं. गुरुवारी एकेक प्रथिन मोजलं. बाकी सगळं जागच्या जागी, यकृत ठणठणीत, आणि फक्त ती चार निकामी. याचा अर्थ के अंगात गेलंच नाही, किंवा गेलं आणि कुणीतरी त्याचं काम बंद पाडलं. उंदराचं औषध नेमकं हेच करतं.

"के दिलं नसेल," मी म्हणाले. "उपाशी आणि अँटिबायोटिक्सवर असलेल्या मुलाला आठवड्याला एक इंजेक्शन द्यावंच लागतं."

"दिलंय ना." अधीक्षकांनी औषधांच्या तक्त्याची प्रत पुढे केली. चार सोमवार. चारही चौकोनांत बरोबरची खूण, वेळ दहा, खाली मोठ्या सिस्टरांची आद्याक्षरं. "के मिळालंय म्हटल्यावर उरतं काय? विष."

गणित चोख होतं. त्या चार खुणा खऱ्या धरल्या, तर बाई गुन्हेगार ठरत होती.

पण माझ्या खिशात दुसरा एक कागद होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार आणि आज सकाळ असे ठकीच्या रक्ताचे पाच अहवाल. पाचही उत्तम. बुधवारी घाईघाईत जे काय हाताशी होतं ते सगळं दिलं, त्यात के चं एक इंजेक्शन होतं. त्या एकाच इंजेक्शनावर पोरीचं रक्त पाच दिवस ठणठणीत होतं.

"आजकालचं उंदराचं विष अंगात महिना-महिना मुरतं," मी म्हणाले. "एका इंजेक्शनाला ते भीक घालत नाही. शनिवारपर्यंत रक्त पुन्हा पाण्यासारखं व्हायला हवं होतं."

"मग जुन्या जातीचं असेल. लवकर उतरणारं," अधीक्षक चहा ढवळत म्हणाले. "मॅडम, पाच वाजता."

ते खरंही असू शकत होतं. मी सही न करता उठले.

२

सावत्र आई जिन्यात बसली होती. तिला वर यायला बंदी होती आणि खाली जाववत नव्हतं, म्हणून मधल्या वळणावर. तिशीची असेल. शेजारून जाणारा जो तो भिंतीकडे सरकून जात होता.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले तेव्हा ती दचकली.

"पाकीट कुणाचं?" मी सरळ विचारलं.

"माझंच. मी कुठे नाही म्हणाले?" तिचा आवाज बसला होता. "खाली नातेवाइकांची खोली आहे ना, तिथे उंदीर आहेत, मॅडम. एका बाईच्या मुलाच्या पायाचं बोट कुरतडलं. मग आम्ही चौघींनी मिळून एकाच छापाची दोन पाकिटं आणली. एक माझ्याकडे, एक त्या बाईकडे. पोलिसांना मी सांगितलं. ते म्हणाले, त्या बायका गेल्या आपापल्या घरी, आता तू काहीही सांगशील."

"मुलीच्या तोंडात तू काहीतरी घालायचीस, असं तिची आत्या म्हणते."

"ओला बोळा. ओठ फुटायचे तिचे. सिस्टरनीच दिला होता." मग म्हणाली, "वन्संचं मी समजू शकते. त्यांच्या भावाची पहिली बायको त्यांची मैत्रीण होती. मी काहीही केलं तरी त्यांना त्यात काळंबेरं दिसायचंच."

"रोज किती वेळ असायचीस मुलीजवळ?"

"अकरा ते बारा सोडायचे आत. सोमवार आणि गुरुवार सोडून. त्या दिवशी तिला पोट धुवायला खाली ऑपरेशनच्या खोलीत न्यायचे. साडेनऊला न्यायचे आणि दीड-दोनला आणायचे, गुंगीतच असायची. मी इथेच बसायचे मग. हीच पायरी."

मी तिचं म्हणणं ऐकलं आणि त्या वेळी त्यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरलं नाही, हे कबूल करते. मी पाकिटाच्याच नादात होते.

नातेवाइकांची खोली तळघरात आहे. मी तिथे आयुष्यात प्रथमच गेले. वास असा की पदवी-बिदवी सगळं विसरायला होतं. लोखंडी कपाटाच्या मागे मी बॅटरी मारली. हिरव्या वडीचा कुरतडलेला तुकडा पडला होता. खिडकीत, कुणीतरी मागे ठेवून गेलेलं दुसरं पाकीट. त्यावर मोठ्या अक्षरांत जाहिरात होती, 'एकदाच खाल्लं की पुरे'. खाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव. चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाला लावून मी ते वाचलं.

नवीन जातीचं. अंगात महिनाभर मुरणारं.

म्हणजे ज्या पाकिटानं त्या बाईला गुन्हेगार ठरवलं, तेच तिला सोडवत होतं. हे विष ठकीच्या पोटात गेलं असतं तर ती आज सकाळी पुन्हा रक्तानं माखली असती. विष नव्हतं, मग के नव्हतं. आणि के नव्हतं, तर त्या चार खुणा खोट्या होत्या.

मोठ्या सिस्टर खोटं लिहितील? मी त्या बाईला बावीस वर्षं ओळखते. दुसऱ्याच्या मुलाला ठसका लागला तरी तिचा जीव कासावीस होतो.

घड्याळात दहाला पाच कमी होते. सोमवार होता.

३

अतिदक्षता विभागात आठ खाटा आहेत. बुधवारपासून पोट धुणं थांबवलं होतं, म्हणून सोमवार असूनही ठकी खाटेवरच होती आणि तिच्याजवळ आत्या बसली होती. मला पाहताच उभी राहिली आणि विचारायच्या आतच सुरू झाली.

"मी आधीच सांगत होते भावाला. दीड वर्षात पोरीला लळा लावला म्हणे. लळा कशाला लावतात ते कळलं ना आता? या विभागाच्या मोठ्या सरांनी गुरुवारी संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात उंदराचं औषध वगैरे असतं का? मी म्हटलं घरात नाही, पण हिची पिशवी बघते. सकाळी बघितली तर हे!"

"गुरुवारी संध्याकाळी विचारलं?"

"हो. सात वाजले असतील."

मी तो आकडा मनात ठेवला. ठकी टक्क डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती. मोठी माणसं मुलांच्या उशाशी बसून असं बोलतात, जणू आजारी मुलं बहिरीही असतात. मी आत्याला म्हटलं, "हळू बोला." ती म्हणाली, "तिला कळू दे की."

तेवढ्यात दहा वाजले आणि मोठ्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या.

के ची सोमवारची फेरी मी कधी पाहिली नव्हती. आम्ही प्रयोगशाळेतले लोक माणसं पाहत नाही, नळ्या पाहतो. सिस्टरांनी ट्रे टेबलावर ठेवला. आठ खाटांचे आठ तक्ते एकावर एक लावले आणि खुणा करायला सुरुवात केली. बरोबर, दहा, आद्याक्षरं. बरोबर, दहा, आद्याक्षरं. आठही झाल्यावर त्यांनी ट्रे उचलला आणि एक नंबरच्या खाटेकडे निघाल्या.

"सिस्टर, आधी खुणा आणि मग इंजेक्शन?"

"तशीच पद्धत आहे, मॅडम. दहाची वेळ आहे ना. आठ पोरांना टोचेपर्यंत साडेदहा होतात. मग वेळ चुकली म्हणून खुलासा लिहावा लागतो. चौकोन रिकामा राहिला तर त्याचा वेगळा खुलासा. तपासणीवाले येणार आहेत महिनाअखेर."

त्या एकेक खाट करत निघाल्या. एक, दोन, तीन. चार नंबरची खाट रिकामी होती.

"इथलं पोर कुठे आहे?" मी विचारलं.

"एक्स-रेला गेलंय. आलं की दुपारी देतील."

"कोण देईल?"

"मी दोनला जाते. पुढच्या पाळीची..."

सिस्टर थांबल्या. त्यांनी चार नंबरचा तक्ता उचलला. बरोबर, दहा, आद्याक्षरं. पुढच्या पाळीची मुलगी येईल, तक्ता बघेल, के दिलेलं आहे असं समजेल आणि पुढे जाईल. का देईल ती दुसऱ्यांदा?

मग त्यांची नजर पाच नंबरच्या खाटेकडे गेली. मी ती जाताना पाहिली. सोमवारी साडेनऊला खाली जाणारी आणि दीडला परत येणारी ठकी. जिन्यातली बाई मला हेच सांगत होती आणि मी उंदरांच्या नादात होते.

ट्रे खाली पडला नाही. सिस्टरांनी तो अगदी सावकाश टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"चार सोमवार," त्या म्हणाल्या. "मॅडम, चारही सोमवार ती खाली होती."

"तुम्हाला आत्ता कळलं?"

"देवाशपथ आत्ता. मोठे सर म्हणाले विष आहे. मी म्हटलं, मी तर के दिलंय, खूण आहे माझी. मी स्वतःच्या खुणेवर विश्वास ठेवला."

४

पण नुसतं सिस्टरांचं म्हणणं पोलिसांना पुरणार नव्हतं. सोमवारी सकाळी दहा वाजता ठकी खाटेवर नव्हती, याला कागद हवा होता. तो तर केसपेपरच्या फायलीत असणारच. भूल देणारा डॉक्टर दर वेळी एक पान भरतो, त्यावर वेळ असते.

फाईल अधीक्षकांच्या कपाटात मोहोरबंद होती. त्यांच्या समोर बसून मी पान न् पान उलटलं. गुरुवारची भुलीची पानं होती. चारही. सोमवारचं एकही नव्हतं.

"पानं काढलीत कुणीतरी."

"अशक्य," अधीक्षक म्हणाले. "शुक्रवारी दुपारी बारा वाजता माझ्यासमोर पानांवर आकडे घातले. बघा, एक आकडा सुटलेला नाही."

नव्हताच सुटलेला. म्हणजे पानं गेली ती शुक्रवारी बाराच्या आधी. आता माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं.

बुधवारी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सगळे जंतूंच्या नावानं भुई धोपटत होते. के चा प्रश्न आहे हे जगात पहिल्यांदा कळलं ते मला, गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. माझा लेखी अहवाल गेला शुक्रवारी दुपारी तीनला. मग गुरुवार सहा ते शुक्रवार बारा या वेळात, फक्त सोमवारची पानं वेचून काढायची अक्कल कुणाला सुचेल? सिस्टरांना नाही, त्यांना आज सकाळपर्यंत पत्ता नव्हता. आत्याला फायलीतलं ओ की ठो कळत नाही. ज्याला मी गुरुवारी सहा वाजता फोनवर सगळं सांगितलं होतं, असा एकच माणूस होता. तो मला म्हणाला होता, "छान काम केलंत. इतक्यात कुणाला बोलू नका, मी बघतो." आणि तासाभरात त्यानं आत्याला बाजूला घेऊन उंदराच्या औषधाची चौकशी केली होती.

भूल देणारे डॉक्टर म्हणजे विक्षिप्त म्हातारा. तीस वर्षं तो स्वतःची एक वही बाळगतो, दिलेल्या प्रत्येक भुलीची. इस्पितळाच्या कागदांवर त्याचा कधीच भरवसा नव्हता. मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो बूट काढून पाय चोळत बसला होता.

"सोमवारच्या नोंदी हव्यात? घे," तो म्हणाला. "मूळ पानं कुठे गेली?"

"हरवली."

"चारही? वा. फारच शिस्तशीर हरवली म्हणायची."

वहीत चारही सोमवार होते. आत नेलं नऊ चाळीस, बाहेर आणलं एक वीस. के चा कुठेही उल्लेख नाही. तो म्हणाला, "ते वॉर्डाचं काम. गुरुवारी तक्त्यावर सोमवारची खूण दिसायची, मी बघायचो."

त्यानंही त्याच खुणेवर विश्वास ठेवला होता. त्या खुणेवर सगळ्यांनीच विश्वास ठेवला, कारण ती सगळ्यांच्या सोयीची होती.

५

बालरोग विभागाचे मोठे सर तीन वाजता खोलीत सापडले. उंच, देखणे, मुलांचे लाडके. त्यांच्या खोलीत मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली आहेत. मी दार लावलं आणि भूलवाल्याची वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

त्यांनी एक नजर टाकली आणि चष्मा काढला. नाटक केलं नाही, एवढं म्हणेन.

"तुम्हाला पानं काढल्याचं कसं कळलं?"

मी सांगितलं. गुरुवार सहा ते शुक्रवार बारा. मग मी म्हणाले, "पण खरं म्हणजे मी त्याच्याही आधी ओळखायला हवं होतं. तुम्ही स्वतःच सांगून ठेवलं होतं तक्त्यावर."

"मी?"

"नव्या उंदीरविषाची बाधा झालेल्या मुलाला रोज के द्यावं लागतं. भरपूर, आठवडेच्या आठवडे. हे तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता. मग बुधवारनंतर आज सकाळपर्यंत ठकीला एकदाही का दिलं नाही? विष आहे असं तुम्हाला खरंच वाटलं असतं, तर तुम्ही तिला असं सोडलं नसतं. तुमचा विषावर क्षणभरही विश्वास नव्हता. तुम्हाला माहीत होतं, एक इंजेक्शन पुरे आहे."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"मुलीला मी धोका होऊ दिला नाही," ते म्हणाले. "रोज तुमचे अहवाल बघत होतो."

"आणि तिच्या आईला?"

"पुरावा टिकला नसता. चार-सहा महिन्यांत सुटली असती." त्यांचा आवाज शांत होता, त्याचीच मला जास्त चीड आली. "मॅडम, या महिन्याच्या तपासणीत हा विभाग नापास झाला तर बंद होईल. आठ खाटा. या भागात दुसऱ्या नाहीत. वर्षाला चारशे मुलं. एका बाजूला चारशे मुलं, दुसऱ्या बाजूला एक सावत्र आई, जिच्याकडे तसंही कुणी चांगल्या नजरेनं बघत नव्हतं. तुम्ही काय निवडलं असतं?"

"निवडायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं? आपली चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं."

"आपली. बरोबर बोललात." ते पहिल्यांदाच हसले. "रिकामा चौकोन दिसला की खुलासा, हा नियम दोन वर्षांपूर्वी ज्या बैठकीत झाला, तिच्या इतिवृत्तावर तुमचीही सही आहे. आठवतंय?"

आठवत होतं. बैठक लांबली होती आणि मला घरी जायचं होतं. न वाचता केलेली ती माझी बहुधा एकमेव सही.

मी वही उचलली. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "तेही लिहिणार आहे मी."

पाच वाजता पोलीस अधिकारी आले तेव्हा अधीक्षकांच्या टेबलावर दोन ओळींऐवजी चार पानं होती. पाकिटावरचं नाव, रक्ताचे पाच अहवाल, भुलीच्या वहीतल्या वेळा, सिस्टरांचा स्वतःच्या हातानं लिहिलेला जबाब. शेवटच्या पानावर नियम कुणीकुणी केला, त्यांची नावं. माझं त्यात होतं. अधीक्षकांनी ती वाचली आणि चहा मागवायचं विसरले.

६

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही.

मोठ्या सिस्टर निलंबित झाल्या. खूण त्यांची होती. मोठे सर प्रकृतीच्या कारणावरून रजेवर गेले आणि दोन महिन्यांनी याहून मोठ्या इस्पितळात रुजू झाले. निरोपाला मुलांनी त्यांना आणखी चित्रं दिली म्हणे, मी गेले नव्हते. तपासणीवाले आले. तक्त्यात 'रुग्ण खाटेवर नाही' असा नवा चौकोन छापून घेतला होता, तो पाहून त्यांनी शाबासकी दिली. विभाग पास झाला. मला एक ताकीदपत्र मिळालं, ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

बाईवरचा संशय पोलिसांनी गुरुवारी लेखी मागे घेतला. नवऱ्यानं तिला काय सांगितलं मला माहीत नाही. तो जिन्यात तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता, एवढं मी पाहिलं. ती त्याला म्हणाली, "तुम्ही जेवून या."

मी स्वतः तिला वर घेऊन गेले. बंदी माझ्या प्रयोगशाळेच्या कागदावरून घातली होती, ती उठवायलाही मीच असावं असं वाटलं. आत्यानं आम्हाला पाहिलं, पिशवी उचलली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आठवडाभर जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

ठकीला त्या सकाळपासून पाणी प्यायची परवानगी मिळाली होती, थोडं थोडं. उजवा हात अजून उचलत नव्हता आणि डाव्या हातात सलाइन होतं, त्यामुळे पेला दुसऱ्यानंच धरायचा. बाईनं हात धुतले, पेला भरला, मुलीच्या मानेखाली हात घालून तिला जरा उठवलं आणि पेला ओठांशी नेला.

ठकीनं ओठ घट्ट मिटले.

"तहान नाही का गं?" बाईनं विचारलं.

मुलीनं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पेल्याकडे. तिला तहान होती. महिनाभर तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"आधी तू पी," ती म्हणाली.

मी पुढे झाले. "अगं ठकी, असं नाही. हिनं तुला काहीही केलेलं नाही. मी तपासलंय सगळं, मी डॉक्टर आहे..."

बाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या, मॅडम. चार पानं मोठ्यांसाठी आहेत."

तिनं एक घोट घेतला. गिळला. आ करून मुलीला दाखवलं. ठकी थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबली, आणि मग तिनं तोंड उघडलं. एक घोट झाला की तिनं पुन्हा ओठ मिटले.

"आता तू."

बाई पुन्हा प्यायली. मी मध्ये पडले नाही. पेला संपायला पंधरा-वीस मिनिटं लागली. अर्धं पाणी मुलगी प्यायली आणि अर्धं बाई.